आरोग्य सर्वेक्षणाची प्रश्नावली तपासून हवी आहे

रेवा_ग

नमस्कार मंडळी. साधारण ४० हजार वस्तीत १८ वर्षांवरच्या लोकांच्या आरोग्याची पाहणी करायची आहे. घरोघरी जाऊन, टॅबवर, समोरासमोर मुलाखत. तीन गोष्टी कळायला हव्यात: लोक स्वतःची तब्येत कशी मानतात, रक्तदाब आणि मधुमेहाचं प्रमाण किती, आणि मनाच्या आरोग्याची स्थिती काय. मसुद्यातले हे पाच प्रश्न सर्वांत अडचणीचे वाटतात:

१. तुमची तब्येत कशी आहे? (चांगली / वाईट)
२. तुम्हाला बीपी किंवा शुगर आहे का?
३. गेल्या वर्षभरात किती वेळा आजारी पडलात?
४. तुम्ही नियमित व्यायाम करता का?
५. तुम्हाला नैराश्य आहे का?

एकूण ८५ प्रश्न, ५० मिनिटं. नमुना ५०० जणांचा घ्यावा असं ठरतंय. कृपया स्पष्ट सांगा, सगळं बदलावं लागलं तरी चालेल.

मध्यमान

रेवाताई, पाचही प्रश्न बदलावे लागतील. प्रत्येकाचं कारण वेगळं आहे, म्हणून एकेक घेतो.

पहिला प्रश्न दिसतो साधा, पण सगळ्या प्रश्नावलीत तो फार मोलाचा आहे. एलेन आयडलर आणि याएल बेन्यामिनी यांनी १९९७ मध्ये २७ अभ्यास एकत्र तपासले. वय, आजार, सवयी हे सगळं हिशेबात धरूनही या एका उत्तरावरून पुढच्या मृत्यूच्या धोक्याचा अंदाज येतो, असं त्यांतल्या बहुतेकांत दिसलं. दोनच पर्याय ठेवलेत तर ही ताकद वाया जाते. पाच ठेवा. आता पाच कोणते, हे आधी ठरवा. एक पट्टी 'उत्कृष्ट, खूप चांगली, चांगली, ठीकठाक, वाईट' अशी आहे. दुसरी 'खूप चांगली, चांगली, मध्यम, वाईट, खूप वाईट'. पहिलीत चांगल्या बाजूला तीन पर्याय आहेत, दुसरीत दोनच. त्यामुळे एका पट्टीवरची टक्केवारी दुसरीशी ताडून बघता येत नाही. ज्या पाहणीशी तुलना करायची असेल तिची पट्टी घ्या. आणि हा प्रश्न अगदी सुरुवातीला विचारा. आजारांची यादी वाचून दाखवल्यावर विचारलात तर माणूस ती यादी डोक्यात ठेवून उत्तर देतो.

दुसऱ्या प्रश्नात दोन आजार एकत्र आहेत, ती चूक सहज सुधारेल. खरा घोटाळा 'आहे का' मध्ये आहे. आजार असणं आणि तो असल्याचं माहीत असणं वेगळं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार उच्च रक्तदाब असलेल्या प्रौढांपैकी जवळपास निम्म्यांना तो असल्याचं ठाऊकच नसतं. म्हणजे या प्रश्नातून तुम्हाला निदान झालेल्यांचं प्रमाण मिळेल. जिथे दवाखाना जवळ आहे तिथे ते जास्त येईल, जिथे लांब आहे तिथे कमी, आणि दुर्गम भागातले लोक अधिक निरोगी आहेत असा उफराटा निष्कर्ष निघेल. म्हणून साखळी करा:

- तुमचा रक्तदाब कधी मोजला गेला आहे का?
- (हो असेल तर) तो वाढलेला आहे असं डॉक्टरांनी किंवा आरोग्य कर्मचाऱ्यांनी कधी सांगितलं का?
- (हो असेल तर) गेल्या २ आठवड्यांत त्यासाठी डॉक्टरांनी दिलेलं औषध घेतलंत का?

मधुमेहासाठी हीच साखळी पुन्हा, स्वतंत्र. आणि 'प्रमाण किती' हे खरंच हवं असेल तर मोजण्याला पर्याय नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 'स्टेप्स' पद्धतीत म्हणूनच तीन टप्पे आहेत: प्रश्नावली, मग शारीरिक मोजमापं, मग रक्ततपासणी. तिसरा टप्पा जमत नसेल तर मधुमेहाच्या आकड्याला अहवालात 'निदान झालेला मधुमेह' असंच म्हणा. रक्तदाब मात्र मोजाच.

तिसऱ्या प्रश्नात आठवणीचा कालावधी चुकलाय. वर्षभरातली सर्दी-पडसं कोणालाही आठवत नाहीत, आणि दीड वर्षापूर्वीची शस्त्रक्रिया मात्र 'याच वर्षी झाली' म्हणून सांगितली जाते. एकाच प्रश्नात एकीकडे गळती, दुसरीकडे भर. रुग्णालयात दाखल होण्यासाठी १२ महिने ठीक आहेत, किरकोळ आजारांसाठी २ आठवडे. 'गेल्या वर्षी' न म्हणता टॅबवर तारीख येऊ द्या: 'अमुक तारखेपासून आजपर्यंत'. शिवाय 'आजारी' म्हणजे काय हे प्रत्येकाचं वेगळं असतं. 'तब्येतीमुळे नेहमीचं काम एक दिवस तरी करता आलं नाही असं झालं का' असं विचारलंत तर सगळे एकाच गोष्टीबद्दल बोलतील.

एक सावधगिरी: २ आठवड्यांत आजारी पडलेल्यांची टक्केवारी २६ ने गुणून वर्षाची काढू नका. तीच माणसं पुन्हा आजारी पडतात, आणि ऋतूनुसार आजार बदलतात.

चौथा प्रश्न: 'नियमित' काढून टाका. 'गेल्या ७ दिवसांत किती दिवस' आणि मग 'त्या दिवशी साधारण किती मिनिटं' असे दोन प्रश्न करा. काम, येणं-जाणं आणि फावला वेळ हे तीन भाग वेगळे विचारा, नाहीतर दिवसभर ओझी उचलणारा माणूस 'व्यायाम करत नाही' या खान्यात जाईल. एवढं करूनही लोक हालचाल जास्तच सांगतात, तेव्हा या आकड्यावर फार मोठी इमारत उभी करू नका.

पाचव्याबद्दल सायली लिहितील तर बरं.

सायली_म

'तुम्हाला नैराश्य आहे का' या प्रश्नाला हो म्हणायला आधी निदान माहीत हवं, आणि मग अनोळखी माणसासमोर ते बोलायची तयारी हवी. त्यापेक्षा लक्षणं विचारावीत. पीएचक्यू-९ ही नैराश्याच्या लक्षणांची प्रमाणित प्रश्नावली घ्या. मोफत आहे, परवानगी लागत नाही. ९ प्रश्न, कालावधी गेले २ आठवडे, प्रत्येकाला ० ते ३ गुण (अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज). एकूण ० ते २७. ५, १०, १५ आणि २० या गुणांवर सौम्य, मध्यम, मध्यम-तीव्र आणि तीव्र अशा पायऱ्या सुरू होतात. पाहणीत सहसा १० किंवा जास्त हा कट-ऑफ, म्हणजे सीमारेषा, धरतात.

शब्द बदलू नका. यातला झोपेचा प्रश्न 'झोप न लागणं किंवा जास्त झोप येणं' असा दुहेरी आहे, आणि नव्याने कोणी लिहिला असता तर मध्यमान यांनी तो खोडला असता. पण सगळे कट-ऑफ याच शब्दांवर तपासले गेले आहेत. प्रश्न फोडलात की ते लागू राहत नाहीत. अनुवादही स्वतः बसून करू नका. आधीच तपासलेला अनुवाद मिळतो का बघा.

नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. उत्तर ० सोडून काहीही आलं तर पुढे काय, हे पहिल्या मुलाखतीच्या आधी कागदावर हवं: मुलाखतकाराने कोणते शब्द बोलायचे, त्याच वेळी कोणाला फोन करायचा, तो फोन सुट्टीच्या दिवशी कोण उचलणार, माणसाला एकटं सोडायचं नसेल तेव्हा तिथे कोण थांबणार. ही व्यवस्था होत नसेल तर पीएचक्यू-८ वापरा. त्यात हा प्रश्न नाही, कट-ऑफ १० च राहतो. प्रश्न विचारून उत्तर टॅबमध्ये तीन आठवडे पडू देणं, हे कुठल्याही परिस्थितीत चालणार नाही.

आणि १० च्या वर गुण आले म्हणजे नैराश्य झालं असं नव्हे. हे स्क्रीनिंग आहे, म्हणजे चाळणी, निदान नव्हे.

मध्यमान

सायली यांच्या शेवटच्या वाक्याला आकडे जोडतो, कारण वृत्तपत्रांत जाणारे निम्मे मथळे इथेच चुकतात.

समजा साधनाची संवेदनशीलता ८५ टक्के (खरा आजार असलेल्या १०० पैकी ८५ पकडते) आणि विशिष्टता ८५ टक्के (आजार नसलेल्या १०० पैकी ८५ ना बरोबर वगळते). पाहणीत २० टक्के लोक कट-ऑफच्या वर आले. खरं प्रमाण किती?

रोगन आणि ग्लॅडन यांचं १९७८ चं सूत्र: (दिसलेलं प्रमाण + विशिष्टता − १) भागिले (संवेदनशीलता + विशिष्टता − १). म्हणजे (०.२० + ०.८५ − १) ÷ (०.८५ + ०.८५ − १) = ०.०५ ÷ ०.७० = साधारण ७ टक्के.

दिसले २०, खरे ७. दर १०० लोकांत वर आलेल्या २० पैकी १४ जणांना तो आजार नाही. आजार जितका विरळ, तितकी ही सूज मोठी. म्हणून अहवालात 'पीएचक्यू-९ वर १० किंवा अधिक गुण असलेले' असं लिहा. जमलं तर कट-ऑफच्या वरच्या आणि खालच्याही काही लोकांची प्रशिक्षित व्यक्तीकडून निदानात्मक मुलाखत घ्या, म्हणजे तुमच्याच वस्तीतली संवेदनशीलता आणि विशिष्टता हातात येईल. फक्त वरच्यांची घेतलीत तर निसटलेले किती, हे कधीच कळणार नाही.

आता ५०० चा आकडा. साध्या यादृच्छिक निवडीत, ५० टक्के प्रमाण धरून, ५ टक्के आगेमागे अचूकतेसाठी ३८५ लागतात. पण तुम्ही एकेका गल्लीतून काही घरं घेणार (अशा एका गटाला क्लस्टर म्हणतात), आणि शेजारी एकमेकांसारखे असतात. त्याची किंमत डिझाइन इफेक्ट, म्हणजे नमुना किती पट वाढवावा लागेल तो आकडा: १ + (एका क्लस्टरमधले लोक − १) × आंतर-सहसंबंध (एका क्लस्टरमधले लोक एकमेकांसारखे किती, ते सांगणारा आकडा). क्लस्टरमध्ये २० जण आणि सहसंबंध ०.०३ धरला तर १ + १९ × ०.०३ = १.५७. ३८५ × १.५७ = ६०५. प्रतिसाद ८५ टक्के मिळेल असं धरलं तर ६०५ ÷ ०.८५ = ७१२. आणि हे फक्त संपूर्ण वस्तीच्या एका आकड्यासाठी. स्त्रिया आणि पुरुषांचे स्वतंत्र आकडे याच अचूकतेने हवे असतील तर जवळपास दुप्पट. क्लस्टरमागे २० ऐवजी १० लोक घेतले तर डिझाइन इफेक्ट १.२७ वर येतो, पण जास्त ठिकाणी जावं लागतं. वेळ आणि माणसं बघून ठरवा.

पायपीट

नमुन्याचं गणित बरोबर आहे, पण ते कागदावरचं. प्रत्यक्षात नमुना दारात बिघडतो. दार उघडणारी व्यक्ती हीच उत्तर देणारी, असं झालं की तुमच्या यादीत दिवसा घरी असणारे जमतात: वयस्कर, आजारी, घर सांभाळणारे. आजाराचं प्रमाण आपोआप फुगतं. घरातल्या सर्व प्रौढांची यादी टॅबवर भरा आणि निवड टॅबलाच करू द्या. कागदावर करायची तर घरातल्या कोणाला निवडायचं हे ठरवणारा, लेस्ली किश यांनी १९४९ मध्ये मांडलेला तक्ता आहे. निवडलेली व्यक्ती नसेल तर किमान तीन फेऱ्या, वेगवेगळ्या वेळी, त्यातली एक संध्याकाळी आणि एक सुट्टीच्या दिवशी. बदली माणूस घ्यायचा नाही, शेजारचं घरही नाही.

निवडलेल्या व्यक्तीऐवजी घरातल्या दुसऱ्याने उत्तर देण्याबाबतही नियम हवा. चालता येतं का, दवाखान्यात दाखल झाले होते का, हे दुसऱ्याला बऱ्यापैकी सांगता येतं. वेदना आणि मनःस्थिती सांगता येत नाही. त्या प्रश्नांना दुसऱ्याचं उत्तर घेऊच नका.

५० मिनिटं फार होतात. २५-३० मिनिटांपुढे लोक पर्याय ऐकायचे थांबतात आणि एकच उत्तर सगळीकडे देत सुटतात. शिवाय ३५ व्या प्रश्नापर्यंत मुलाखतकाराला कळतं की 'हो' म्हटलं की खाली सहा उपप्रश्न उघडतात. उत्तरदात्यालाही कळतं. मग 'नाही' वाढतात. उपाय सोपा आहे: सर्व आजारांचे हो/नाही आधी विचारून संपवा, उपप्रश्न नंतर. प्रत्येक प्रश्नापुढे लिहा की याचं उत्तर अहवालातल्या कोणत्या तक्त्यात जाणार. ज्यापुढे काही लिहिता येत नाही तो काढा. ८५ चे ५० व्हायला हरकत नाही.

रेवा_ग

सगळ्यांचे मनापासून आभार, वही भरली. पायपीट, एक शंका. उत्तरदात्याला प्रश्न कळला नाही तर मुलाखतकाराने समजावून सांगायचं की नाही? नाही सांगितलं तर चुकीचं उत्तर येणार ना?

पायपीट

स्वतःच्या शब्दांत नाही. बारा मुलाखतकारांनी बारा प्रकारे समजावलं तर ती बारा वेगळी सर्वेक्षणं झाली. रक्तदाब मोजताना प्रत्येकाने पट्ट्याचा आकार आपल्या मर्जीने घेतला तर जे होईल, तेच इथे होतं. बघा कुठे घसरतं:

मुलाखतकार: गेल्या २ आठवड्यांत, काही करण्यात रस किंवा आनंद वाटला नाही, असं किती वेळा झालं?
उत्तर: होतं की अधूनमधून. कोणाला होत नाही?
मुलाखतकार: म्हणजे 'काही दिवस' लिहू ना?
उत्तर: लिहा.

इथे उत्तर मुलाखतकाराने दिलंय. 'अधूनमधून' म्हणजे तीन दिवस की दहा, हे विचारलंच नाही. 'कोणाला होत नाही' यावरून माणूस २ आठवड्यांबद्दल बोलतोय की एकूण आयुष्याबद्दल, हेही कळत नाही. असं हवं:

मुलाखतकार: मी फक्त गेल्या २ आठवड्यांबद्दल विचारतेय. पुन्हा वाचते. (प्रश्न जसाच्या तसा.) अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, की जवळजवळ रोज? यातलं तुम्हाला सर्वांत जवळचं कोणतं?

आणि मग गप्प बसायचं. प्रशिक्षणात हेच सर्वांत अवघड जातं. चार-पाच सेकंद शांततेत गेली की मुलाखतकार स्वतःच पर्याय सुचवतो. परवानगी असलेली वाक्यं छापून द्या: 'पुन्हा वाचू का?', 'तुम्हाला जे वाटतं तेच', 'यातलं सर्वांत जवळचं कोणतं?' 'अरेरे', 'छान', 'बरं झालं' असले उद्गारही नकोत, कारण पुढचं उत्तर त्या कौतुकाच्या दिशेने झुकतं.

प्रश्न जर वारंवार अडत असेल तर दोष प्रश्नाचा आहे आणि तो पायलटमध्ये, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणीत, सापडायला हवा होता. त्यासाठी मुख्य कामाआधी ८-१० जणांबरोबर आकलन चाचणी करा. प्रश्न विचारा, उत्तर घ्या, मग विचारा: 'या प्रश्नात काय विचारलंय असं वाटलं?', 'हा आकडा कसा काढलात?', '२ आठवडे म्हणजे कधीपासून धरलंत?' दुरुस्त करा, पुन्हा वेगळ्या ८-१० जणांबरोबर करा. हे फक्त स्वतः लिहिलेल्या प्रश्नांसाठी. प्रमाणित साधन अडलं तर त्याचे शब्द न बदलता साधनच बदलायचा विचार करावा लागतो.

चाफेकळी

तब्येतीची एकच एकत्रित मोजणी हवी असेल तर एसएफ-३६ ही ३६ प्रश्नांची आरोग्य प्रश्नावली का नाही घेत? आठ पैलू, प्रत्येक ० ते १०० गुणांवर. चित्र भरघोस मिळतं.

मध्यमान

चांगलं साधन आहे, पण इथे ३६ प्रश्न परवडत नाहीत. वेळेचा निम्मा वाटा तेच खातील. ईक्यू-५डी-५एल ही छोटी प्रश्नावली बघा: चालणं-फिरणं, स्वतःची काळजी, नेहमीची कामं, वेदना, चिंता-उदासी. पाच प्रश्न, प्रत्येकाला पाच पातळ्या, म्हणजे ३,१२५ अवस्था, शिवाय ० ते १०० ची उभी पट्टी. कालावधी 'आज', त्यामुळे आठवणीचा प्रश्नच नाही. वापरण्याआधी युरोक्वॉल संस्थेकडे नोंदणी करावी लागते. उणीव ही की निरोगी वस्तीत बरेच लोक पाचही ठिकाणी 'काही त्रास नाही' सांगतात आणि त्यांच्यातला फरक दिसत नाही. एसएफ-३६ तो दाखवतो. तेव्हा चाफेकळी, रुग्णांच्या गटात उपचारांआधी-नंतर मोजायचं असेल तर तुमची निवड बरोबर ठरेल. तिथेही रँड या संशोधन संस्थेची मोफत आवृत्ती आहे, दुसरीला परवाना लागतो.

सायली_म

अपंगत्वाबद्दल काही विचारणार असाल तर वॉशिंग्टन गटाचे (अपंगत्वाची आकडेवारी ठरवणारा आंतरराष्ट्रीय गट) सहा प्रश्न घ्या: बघणं, ऐकणं, चालणं, लक्षात ठेवणं, स्वतःची काळजी, संवाद. 'अपंग' हा शब्द त्यात कुठेच येत नाही, 'किती अडचण येते' एवढंच विचारतात. 'खूप अडचण' किंवा 'अजिबात जमत नाही' असं एक जरी उत्तर आलं तरी ती व्यक्ती मोजली जाते.

आणि एकांत. सासू, नवरा, मुलगा शेजारी बसलेले असताना मनाचे, व्यसनाचे प्रश्न विचारून मिळालेलं 'नाही' निरुपयोगी आहे. तो भाग टॅब उत्तरदात्याच्या हातात देऊन, हेडफोनवर प्रश्न ऐकवून घ्या. वाचता न येणाऱ्यांनाही रंगीत बटणांवर जमतं. मुलाखतीच्या वेळी दुसरं कोणी हजर होतं का, हे मुलाखतकाराने प्रत्येक वेळी नोंदवावं. विश्लेषणात ते लागतं.

चाफेकळी

यासोबत काही सविस्तर मुलाखतीही घ्याव्यात का? खुल्या प्रश्नांच्या.

पायपीट

घ्या, पण कशासाठी ते ठरवून. सर्वेक्षणाआधी घेतल्या तर लोक आजारांबद्दल कोणत्या शब्दांत बोलतात, पर्यायांत काय राहून गेलं, हे कळतं. नंतर घेतल्या तर आकड्यांमागचं कारण: औषध लिहून दिलंय पण घेत नाहीत, ते का. 'किती टक्के' हे त्यातून काढायचं नाही. सारख्या गटात १२-१५ मुलाखतींनंतर नवीन मुद्दे यायचे बहुधा कमी होतात. गट वेगवेगळे असतील तर प्रत्येकातून वेगळ्या. मार्गदर्शिकेत ८-१० प्रश्न पुरेत, आणि 'का' ने सुरुवात टाळा, लोक जाब विचारल्यासारखे बचावात जातात. 'शेवटच्या वेळी गोळी चुकली तेव्हा काय झालं होतं, सांगाल?' याला खरं उत्तर येतं.

मध्यमान

डेटा रोज संध्याकाळी बघा, शेवटी नाही. काय बघायचं: ५० प्रश्न ९ मिनिटांत संपलेल्या मुलाखती; ज्याच्याकडे 'हो' विलक्षण कमी आहेत असा मुलाखतकार; रक्तदाबाचे ० ने संपणारे आकडे. यंत्रावरून उतरवले तर शेवटचा अंक ० असे सुमारे १० टक्केच असायला हवेत. ४० टक्के आले तर कोणीतरी आकडे गोल करतंय. वयातही ० आणि ५ वर ढीग लागतात, त्यासाठी व्हिपल निर्देशांक काढा: १०० म्हणजे ढीग नाही, ५०० म्हणजे सगळी वयं ० किंवा ५ वरच. ५ ते १० टक्के घरांत पर्यवेक्षकाने परत जाऊन बदलू न शकणारे चार-पाच प्रश्न पुन्हा विचारावेत.

'माहीत नाही' ९८ आणि 'नकार' ९९ असे कोड दिलेत तर सरासरी काढण्याआधी ते वगळलेत ना, हे दोनदा बघा. पीएचक्यू-९ मध्ये एक ९९ राहिला की त्या व्यक्तीचे गुण २७ च्या पार जातात, तो पकडता येतो. पण 'किती मिनिटं चाललात' मध्ये ९९ लपून बसतो. अशा रकान्यांना −९९ द्या.

रेवा_ग

मसुदा ४८ प्रश्नांवर आणला, तब्येतीचा प्रश्न पहिला, पीएचक्यू-८ घेतोय कारण रात्रीचा फोन उचलायची सोय होत नाहीये. नमुना ७२०, क्लस्टरमागे २०. शेवटचं: वजन-उंची विचारली तर चालेल का, की मोजावीच लागेल? आणि रक्तदाब मोजायची पद्धत कोणी नेमकी सांगेल का?

सायली_म

मोजा. विचारलं की लोक उंची थोडी जास्त आणि वजन थोडं कमी सांगतात. दोन्ही चुका एकाच दिशेने जातात आणि लठ्ठपणा कमी दिसतो. चपला-बूट, जड कपडे, खिशातल्या वस्तू काढून, कडक सपाट जमिनीवर. गालिच्यावर वजनकाटा चुकतो. काटा रोज सकाळी ठरावीक वजनाने तपासा.

रक्तदाब: १५ मिनिटं शांत बसवून, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, एकावर एक नकोत, हात हृदयाच्या पातळीवर टेबलावर. म्हणून तो मुलाखतीच्या मध्यावर घ्या, बसून झालेलंच असतं. दंडाचा घेर मोजून पट्टा निवडा, लहान पट्टा आकडा वाढवून दाखवतो. तीन वेळा मोजा, दोन मोजण्यांत ३ मिनिटं, मोजताना बोलणं बंद. सरासरी शेवटच्या दोनांची. १४०/९० किंवा जास्त, अथवा औषध सुरू असेल, तर उच्च रक्तदाबात धरा. औषधाची अट विसरलात तर नियंत्रणात असलेले सगळे रुग्ण निरोगी ठरतील.

आकडे चिठ्ठीवर लिहून त्या व्यक्तीला तिथेच द्या, १४०/९० च्या वर असतील तर कुठे दाखवायचं तेही त्याच चिठ्ठीवर. १८०/१२० किंवा वर गेला तर मुलाखत थांबवा. छातीत दुखतंय का, धाप लागतेय का, नजर अंधूक झालीय का, हातापायांत कमजोरी आलीय का, हे विचारा. यातलं काहीही असेल तर ताबडतोब रुग्णालयात पाठवायची सोय मुलाखतकाराच्या हाताशी हवी, तसं काही नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला सांगा. उरलेले प्रश्न दुसऱ्या दिवशी.